क्लच कुठं धरतो?

आपल्या मिशिगनमधल्या मराठी घरांसमोर आता पिकअप ट्रक बऱ्यापैकी दिसू लागलेत. कुणी बोट ओढायला घेतला, कुणी घराच्या डागडुजीचं लाकूड आणायला, कुणी नुसती हौस म्हणून. गणपतीचं मखर आणि जेवणाची मोठी पातेली हॉलवर न्यायची वेळ आली की मंडळाच्या ग्रुपवर पहिली हाक पिकअपवाल्यांनाच जाते. आमच्याकडेही एक सेकंडहँड पिकअप आहे, त्यामुळे ही हाक आम्हालाही येते. मात्र गेल्या वर्षभरात या हाकेबरोबर मला एक प्रश्नही वारंवार येतोय. "गाडी पार्कमधून ड्राइव्हमध्ये टाकली की मागून धप्पकन दणका बसतो. गिअरबॉक्स गेला का गं?"

मला विचारायचं कारण म्हणजे माझी नोकरी. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स चालवणाऱ्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर गाडीवर चढण्याआधी तपासून बघायचं, हे माझं काम. पार्कमधून रिव्हर्स, न्यूट्रलमधून ड्राइव्ह अशा जागेवर उभ्या गाडीत होणाऱ्या गिअर बदलांना आमच्या धंद्यात 'गॅरेज शिफ्ट' म्हणतात. ते मऊ व्हावेत म्हणून किती माणसं किती महिने खपतात हे सांगितलं तर खरं वाटणार नाही. पण गिअरचा झटका म्हणजे काय, तो कुठून येतो, हे मी पहिल्यांदा शिकले ते ऑफिसात नाही. ते शिकले कडोलीत, आप्पांच्या पिकअपमध्ये.

कडोली हे आमचं गाव बेळगावच्या उत्तरेला दहा-बारा किलोमीटरवर. बाहेर गावाचं नाव निघतं ते तिथल्या मराठी साहित्य संमेलनामुळे. गावात मात्र वर्षभर बोलणं चालतं ते बटाटा, रताळी, कोबी, मिरची आणि आज मार्केटात काय भाव निघाला याचं. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, शेती थोडी आणि गाडी जास्त अशा हिशोबाने जगलेले. महिंद्राची पिकअप. गावातला माल बेळगावच्या मार्केटात न्यायचा आणि आठवड्यातून तीन-चार रात्री भाजी भरून गोव्याला जायचं. गोव्यात सकाळी ताटात पडणारी भाजी बरीचशी बेळगावकडूनच जाते, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसतं. रात्री दोनला निघायचं, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा, उजाडायच्या आत साखळी गाठायची.

बीईच्या पहिल्या वर्षाच्या सुट्टीत आप्पांनी मला ती पिकअप शिकवली. स्टिअरिंग, ब्रेक, आरसा यांबद्दल ते फारसं बोललेच नाहीत. पहिला दिवस एकाच गोष्टीत गेला. गाडी पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही, आणि क्लच इतक्या हळू सोडायचा की गाडी किंचित दबते तो क्षण पकडता आला पाहिजे. "क्लच कुठं धरतो ते पायाला कळलं पाहिजे. डोक्याला कळून उपयोग न्हाई." प्रत्येक गाडीची ही जागा वेगळी. प्लेट झिजत गेली की जागा वर सरकते. रिकाम्या गाडीत आणि दीड टन बटाट्याच्या गाडीत पाय सोडायचा वेगही वेगळा. ती जागा चुकली की गाडी उडी मारते, मागचं सगळं खडखडतं, आणि आप्पा शांतपणे म्हणायचे, "क्रॉस गेला की पैसे तुझ्या कॉलेजच्या फीमधनं."

आता ऑटोमॅटिकमध्ये काय होतं ते बघू. त्यात क्लच नसतो असं आपण म्हणतो, पण असतात, एक सोडून चार-सहा. फक्त ते पायाने दाबायचे नसून तेलाच्या दाबाने आवळले जातात. गाडी पार्कमध्ये उभी आणि इंजिन चालू असतं तेव्हा टॉर्क कन्व्हर्टरच्या आतली तेलाची भोवरी गिअरबॉक्सच्या आत जाणारा दांडा फिरवत असते. साधारण इंजिनच्याच वेगाने, म्हणजे मिनिटाला सहाशे-सातशे फेरे. तुम्ही दांडी 'डी'वर आणली की पुढे जायचा क्लच आवळायला लागतो. चाकं तर थांबलेली आहेत, पाय ब्रेकवर आहे. म्हणजे सातशे फेऱ्यांनी फिरणारा तो दांडा सेकंदाभराच्या आत शून्यावर आणायचा असतो. हे ज्या रीतीने होतं तिच्यावर दणका बसणार की गाडी नुसतीच हलकी दबणार हे ठरतं.

क्लचच्या चकत्यांमध्ये थोडी फट असते. आधी तेल भरून पिस्टनने ती फट मिटवायची, मग दाब हळूहळू वाढवायचा. तेल जास्त भरलं तर चकत्या एकदम चिकटतात आणि दांडा आपटून थांबतो. कमी भरलं तर आधी काहीच होत नाही, तुम्हाला वाटतं गाडी झोपली, आणि मग वाढलेल्या दाबाने दणका बसतो. म्हणजे फट नेमकी कधी मिटते हे कंट्रोलरला कळायला हवं. चकत्या झिजतात, तेल जुनं होतं, थंडीत घट्ट होतं, म्हणून हा क्षण बदलत राहतो. यासाठी कंट्रोलर दर वेळी तो दांडा किती वेळात आणि कसा थांबला हे मोजतो आणि पुढच्या वेळी तेल भरायचा वेळ थोडा कमी-जास्त करतो. याला आम्ही ॲडाप्टेशन म्हणतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कडोलीचं माळरान आठवलं. क्लच कुठं धरतो हे शोधणं, तेवढंच.

म्हणून ग्रुपवर विचारणाऱ्यांना मी आधी चार साधे प्रश्न विचारते. दणका फक्त सकाळी पहिल्यांदाच बसतो का? तसं असेल तर बहुतेक वेळा कारण साधं असतं. थंड इंजिन हजार-बाराशे फेऱ्यांवर धावत असतं, तेल घट्ट असतं. जानेवारीत गाडी सुरू केल्या केल्या 'डी' टाकण्याऐवजी फेरे खाली येईपर्यंत अर्धा मिनिट थांबून बघा. बॅटरी नुकतीच बदलली का? काही गाड्यांत शिकलेले आकडे पुसले जातात आणि गाडी काही दिवस नवशिक्यासारखी वागते. तेल कधी बदललं होतं? आणि चौथा, गाडी पूर्ण थांबायच्या आत रिव्हर्समधून ड्राइव्हमध्ये टाकायची घरात कुणाला सवय आहे का? या प्रश्नाला नवरा-बायको एकमेकांकडे बघतात.

तेलाचा प्रश्न हलका समजू नका. काही वर्षांपूर्वी इथल्याच एका मोठ्या कंपनीच्या आठ गिअरच्या गिअरबॉक्सबद्दल तक्रारींचा ढीग झाला होता. गाडी थरथरते, झटके देते. प्रकरण इथल्या फेडरल कोर्टातही गेलं. थरथरीचं एक कारण असं निघालं की आतलं तेल हवेतला ओलावा शोषून घेत होतं, आणि कंपनीने दुसऱ्या प्रकारचं तेल घालायचा उपाय काढला. करोडोंचं संशोधन आणि शेवटी मुद्दा तेलाचा.

आमच्या पिकअपचा दणका मात्र या चार प्रश्नांत बसत नव्हता. सकाळीही बसायचा, दुपारीही. जवळच्या एका गॅरेजने गाडी न उचलताच सांगितलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, साडेचार हजार डॉलर. घराचे हप्ते, मुलाचं डे-केअर आणि त्यात हे. गाडी विकून टाकावी का इथपर्यंत आमचं बोलणं आलं होतं, आणि त्याच महिन्यात आप्पा आणि आई आमच्याकडे आले.

आप्पांचं येणंही सहज नव्हतं. त्यांचा डावा गुडघा गेली दोन-तीन वर्षं दुखतोय. बेळगावच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं होतं की गुडघ्याची वाटी झिजली आहे, जिना आणि क्लच दोन्ही कमी करा. जिना आमच्या कडोलीच्या घराला नाहीच. राहिला क्लच. मागच्या खेपेला गावी गेले होते तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसून मोजलं होतं. घरापासून मार्केट यार्डापर्यंत, दहा-बारा किलोमीटरमध्ये, १४३ वेळा क्लच दाबला. घाटाची रात्र वेगळीच. "तिकडं तरी पाय सुटेल महिनाभर," असं म्हणत आईने त्यांना विमानात बसवलं होतं.

आल्यानंतर दुसऱ्याच दिवशी मी त्यांना घेऊन दुकानात निघाले. 'डी' टाकला, दणका बसला. आप्पा काही बोलले नाहीत. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मागे आणखी एक धप्प झालं, जरा उशिराने. त्यावर ते म्हणाले, "काय गे, हे दोन आवाज हायत. एक न्हाई."

मी आकडे बघणारी. लॅपटॉप जोडून दांड्याचे फेरे, तेलाचं तापमान, दाबाचे हुकूम सगळं मी काढलं होतं, आणि त्यात गिअर टाकतानाचा झटका दिसतही होता. पण गाडी थांबल्यावर अर्ध्या सेकंदाने होणारा आवाज माझ्या आकड्यांत कुठेच नव्हता, कारण तिथे सेन्सरच नाही. आप्पांनी संध्याकाळी ड्राइव्हवेवर जुनी चटई टाकली, चाकांना दोन्ही बाजूंनी विटा लावल्या (समोरच्या घरातले आजोबा खिडकीतून बघत होते), माझ्याकडून गाडी न्यूट्रलमध्ये करून घेतली, आणि गुडघा सांभाळत बॅटरी घेऊन खाली सरकले. प्रोपेलर शाफ्ट हाताने पिळून बघितला. क्रॉस ठीक. मधलं बेअरिंग ठीक. हौजिंगमध्ये थोडा प्ले, "तेवढा असतोच." मग शाफ्टचा पुढचा भाग, जिथे एक दांडा दुसऱ्यात आत-बाहेर सरकतो, तिथे बोट फिरवून बाहेर काढलं. बोट कोरडं.

कार आणि पिकअप यांच्यात फरक पडतो तो इथे. पिकअपचा मागचा ॲक्सल पाट्यांवर बसलेला असतो. जोर आला की अख्खं हौजिंग पाट्यांवर थोडं पिळतं, जोर गेला की परत जागेवर येतं. या हालचालीत शाफ्टची लांबी थोडी कमी-जास्त व्हावी लागते, म्हणून तो सरकता जोड. तो कोरडा पडला की सरकायच्या ऐवजी अडकतो. गाडी थांबते, पाटे सैल व्हायला बघतात, जोड धरून ठेवतो, आणि मग एकदम सुटतो. धप्प. त्याशिवाय शाफ्ट लांब, मध्ये जोड दोन-तीन, प्रत्येकात केसभर फट. गिअर टाकल्यावर या सगळ्या फटी एका मागोमाग एक मिटतात. गिअरबॉक्समधून निघालेला लहानसा धक्का मागे पोचेपर्यंत मोठा आवाज होतो तो यामुळे. कारमध्ये तोच धक्का कदाचित तुम्हाला कळणारही नाही.

शनिवारी नवऱ्याने आणि आप्पांनी मिळून शाफ्ट सोडला, जोड पुसला, ग्रीस भरलं, खुणा जुळवून परत बसवला. (खुणा करायला विसरू नका, शाफ्ट अर्धा फेरा फिरवून बसला तर वेगात गाडी थरथरू शकते.) अठरा डॉलरचं ग्रीस. थांबल्यानंतरचा आवाज गेला. गिअर टाकतानाचा झटका कमी झाला, पण गेला नाही. तो माझ्या वाट्याचा होता. गिअरबॉक्सचं तेल बदललं, कंट्रोलरला पुन्हा शिकवायची जी पद्धत असते ती करून घेतली. तेल गरम झाल्यावर, पाय ब्रेकवर, ठरलेल्या क्रमाने गिअर टाकत बसायचं. आप्पा शेजारी बसून दर वेळी मान हलवत होते. "आता बरं. आता अजून बरं." साडेचार हजारांचं काम दोनशेच्या आत झालं. सगळ्यांच्याच गाडीचं असं होईल असं मी म्हणत नाही. आतल्या चकत्या जळाल्या असतील तर ग्रीस काही करणार नाही. तेल काळं आणि जळका वास असेल तर थेट चांगल्या गॅरेजमध्येच जा. पण गिअरबॉक्स उतरवायच्या आधी गाडी उचलून शाफ्ट बघा, एवढं नक्की सांगेन.

विटांचाही खुलासा करते. आप्पा कुठल्याही उतारावर चाकाला दगड लावतात, कारण गिअरवर उभी केलेली गाडी त्यांनी घसरताना पाहिली आहे. इथे आपण गाडी पार्कमध्ये टाकतो आणि उतरतो. पण पार्क म्हणजे आत एक लहानसं लोखंडी बोट दातेरी चाकात अडकतं, बस्स. उतारावर सगळ्या गाडीचा भार त्या बोटावर येतो आणि काढताना ते खाडकन सुटतं. तोही दणका लोक गिअरबॉक्सच्या नावावर घालतात. उतारावर आधी पाय ब्रेकवर, मग न्यूट्रल, मग हँडब्रेक, मग पाय सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्यायची आणि शेवटी पार्क. चार सेकंद लागतात.

एका रविवारी आप्पांना मी लिव्होनियातून नेलं आणि ऑटोमॅटिकचा इतिहास सांगितला. मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक, १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांवर आलेला. युद्धात तो रणगाड्यांतही बसला. ऑगस्ट १९५३ मध्ये लिव्होनियाचा हायड्रामॅटिकचा अख्खा कारखाना आगीत गेला. मग कंपनीने इप्सिलँटीजवळचा विलो रन हा कारखाना घेतला, जिथे युद्धात बी-२४ विमानं बनत होती, आणि तिथे २०१० पर्यंत गिअरबॉक्स बनले. आपल्यातले कित्येकजण विमानतळावर जाता-येता त्या भागातून जातात. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे ऐंशी वर्षं झाली. मग आमच्या गाडीत अजून का न्हाई?"

हा प्रश्न मला टाळता आला नाही. भारतात ऑटोमॅटिक पिकअप मिळतात, पण त्या हौसेच्या आणि शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरच्या. भाजी वाहणाऱ्या गाड्यांत किंमत, मायलेज आणि गावातल्या मिस्त्रीला दुरुस्त करता येणं हे आधी येतं. डाव्या पायाची किंमत कुणी हिशोबात धरत नाही. परत जायच्या आदल्या दिवशी आप्पा आमच्या ड्राइव्हवेवर स्टिअरिंगवर बसले आणि गाडी चार वेळा पुढे-मागे केली. डावा पाय सारखा क्लच शोधायला पुढे जात होता. शेवटी त्यांनी तो सीटखाली दुमडून ठेवला आणि म्हणाले, "ह्याला काम न्हाई म्हणून ह्याला झोप येतंय." आई पायरीवर बसून बघत होती. ती हसली नाही. गाडी सुटली तर आप्पा काय करतील हा प्रश्न तिच्या डोळ्यांत मला दिसत होता. चाळीस वर्षं रात्री दोनला उठणारा माणूस घरी बसून कसा राहणार, हा तिचाही प्रश्न आहे आणि माझाही.

गावी परतल्यावर गोव्याच्या खेपा चुलतभावाने घेतल्या. आप्पा फक्त बेळगावच्या मार्केटाला जातात, आणि १४३ चा आकडा अजून तितकाच आहे. मग मी त्यांना इलेक्ट्रिक गाडीचं सुचवलं. टाटांनी २०२२ मध्ये एस या छोट्या मालगाडीची इलेक्ट्रिक आवृत्ती आणली, पुढे एक टन माल नेणारीही आली. तिला क्लच नाही आणि बदलायला गिअरही नाहीत. (झटका तिथेही असू शकतो. मोटरचा जोर एकदम येतो, म्हणून फटी मिटेपर्यंत तो आवरून धरायचं काम तिथेही सॉफ्टवेअरच करतं.) आप्पा बेळगावात जाऊन चालवून आले. फोनवर पहिलं वाक्य, "गाडी हाय, खरं आवाज न्हाई. माणसं आडवी येतात." दुसरं वाक्य हिशोबाचं. पन्नास किलोचं पोतं धरलं तर पिकअपमध्ये तीस पोती, हिच्यात वीस. म्हणजे एकाच्या जागी दोन खेपा. दोन खेपांचं अंतर पन्नास किलोमीटरच्या आत, चार्जिंग घरीच, तेवढं रात्रीत होतं. पण घाट नाही, गोवा नाही.

गोवा नाही, हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.

आता रताळ्यांचा हंगाम तोंडावर आहे. नवरात्रात उपवासाला मागणी वाढते, गावात रोज गाड्या भरतील. पिकअप चुलतभावाला द्यायची आणि छोटी गाडी स्वतःला घ्यायची, असं आईने जवळजवळ ठरवलं आहे. आप्पांनी मात्र मला एवढंच सांगितलंय की पितृपक्षात काही बोलायचं नाही, दसऱ्याला बघू. बुकिंगचे पैसे मी पाठवून ठेवलेत, आणि ते आईच्या खात्यात आहेत.